उशाशीं कीं विहिरीशीं ?

आपल्या शाळेंत दहावीच्या वर्गाला एक निबंध हटकून घालतात : "मी कोण होणार ?" मीं तो लिहिला तेव्हां वर्गांतील निम्म्याहून अधिक मुलींप्रमाणें मीही "डॉक्टर" असें लिहून मोकळी झालें. गुण बरे मिळाले, परंतु बाईंनीं वहीच्या समासांत तांबड्या शाईनें एक प्रश्न लिहून ठेविला होता : "हें तुला वाटतें, कीं वाटावेंसें वाटतें?" त्या वेळीं मला त्या प्रश्नाचा थोडा रागच आला. पुढें दोन वर्षांनीं त्याचें उत्तर मला द्यावें लागलें, आणि तेंही वहींत नव्हे. शाळा सोडून गेलेल्या मुलींनीं वार्षिकासाठीं कांहीं लिहावें असा निरोप आला, तेव्हां हीच हकीकत लिहावी असें मीं ठरविलें. कारण आज वरच्या वर्गांत बसलेल्या कित्येक भगिनींपुढें आणि त्यांच्या आईबापांपुढें असाच प्रश्न उभा असेल.

२०२२ सालचा पावसाळा. मी अकरावींत होतें. थोरली ताई पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. सासरीं मदतीला कोणी नव्हतें, म्हणून आषाढाच्या आरंभींच, सहाव्या महिन्यांत, वडिलांनीं तिला आणलें. आमचें गांव नदीकांठचें. नदीजवळच्या विहिरीचें पाणी टाकींत चढवितात आणि तेथून नळानें घरोघर सोडतात. श्रावणांत खालच्या आळींतील दोघातिघांचे डोळे पिवळे झाले. पावसाळ्यांत कावीळ यावयाचीच, असें म्हणून कोणीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं. नळाला अधूनमधून गढूळ पाणी येई. तेंही "नदीला नवें पाणी आलें आहे" एवढ्या वाक्यावर भागत असे. मग ताईची अन्नावरची वासना उडाली, तिला ओकाऱ्या होऊं लागल्या. पण गरोदर बाईला ओकारी झाली तर त्यांत नवल तें काय? पुढें डोळे पिवळे दिसूं लागले, तेव्हां जवळच्या एका गांवीं कावीळ उतरवून देणारा कोणी आहे असें समजून तिला त्याच्याकडे नेलें. त्यांत चार दिवस गेले. हे चार दिवस आमच्या घरानेंच घालविले. त्याचा दोष दुसऱ्या कोणावर टाकण्याची सोय नाहीं.

पांचव्या दिवशीं ताईला जिल्ह्याच्या ठिकाणीं मोठ्या रुग्णालयांत दाखल केलें. आईला दम्याचा विकार आहे. म्हणून रात्रीं ताईजवळ मी राहूं लागलें. अशा अकरा रात्री मीं तेथें काढल्या.

रात्रपाळीला ज्या परिचारिका असत त्यांना सारा वॉर्ड नुसतें "सिस्टर" म्हणे. वयानें त्या माझ्या आईएवढ्या होत्या. दर खेपेस सलाईन पाहून, नाडी पाहून झाली, कीं त्या ताईला कांहींतरी क्षुल्लक विचारीत : "आज वार कोणता ?" "तुझें सासर कोणत्या गांवीं ?" "सकाळीं भेटायला कोण आलें होतें ?" मला वाटे, बाई बोलक्या आहेत, रोग्याचें मन रमवितात. तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास ताईनें वार चुकीचा सांगितला. झोपेंतून उठलेलें माणूस वार चुकतेंच, असें मला वाटलें. सिस्टरांनीं तिला दोन्ही हात पुढें करून तळवे उभे धरावयास सांगितलें. ते पाखराच्या पंखांसारखे फडफडूं लागले. सिस्टर ओरडल्या नाहींत, धांवल्या नाहींत. त्यांनीं डॉक्टरांना बोलावून घेतलें, आणि अर्ध्या तासाच्या आंत ताईला अतिदक्षता विभागांत हलविलें गेलें.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं वडिलांना समजावून सांगितलें तें मीही ऐकलें. यकृताचें काम बंद पडूं लागलें म्हणजे रक्तांत सांचलेल्या विषाचा परिणाम मेंदूवर होतो, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदां एवढीच असते : वार चुकणें, दिवसा झोंप आणि रात्रीं जाग, आणि तळव्यांची ती फडफड. ज्याला मी गप्पा समजत होतें ती तपासणी होती.

ताई वांचली. सातव्या दिवशीं ती पुन्हां वॉर्डांत आली. परंतु नवव्या रात्रीं ती अवेळीं बाळंत झाली, आणि बाळ मृत जन्मलें. मुलगी होती. त्या रात्रीं त्याच सिस्टर पाळीवर होत्या. त्यांनीं त्या इवल्या देहाला पुसलें, पांढऱ्या कापडांत नीट गुंडाळलें, ताईच्या हातांत दिलें, आणि दिवा मंद करून त्या पडद्याबाहेर उभ्या राहिल्या. कोणालाही त्यांनीं आंत येऊं दिलें नाहीं. एक शब्दही त्या बोलल्या नाहींत. पडद्याखालून त्यांचीं पावलें मला दिसत होतीं. मनुष्यानें कोणी व्हावें तर असें व्हावें, हा विचार तेव्हां माझ्या मनांत प्रथम आला.

परंतु तो विचार फार दिवस टिकला नाहीं. आम्ही गांवीं परतलों तों प्राथमिक आरोग्य केंद्राचीं माणसें घरोघर फिरत होतीं. ज्या घरीं काविळीचा रोगी, त्या घरावर गांवच्या नकाशांत तांबड्या पेन्सिलीनें खूण केलेली होती. तो नकाशा मीं पाहिला. खुणा गांवभर विखुरलेल्या नव्हत्या, त्या जवळजवळ एका ओळींत होत्या. आणि ती ओळ म्हणजे खालच्या आळीचा नळ. एके ठिकाणीं हा नळ गटाराखालून जातो, तेथें त्याचा जोड सुटला होता. नळाला पाणी नसे तेव्हां गटाराचें पाणी आंत ओढलें जाई, आणि पाणी सुटलें कीं तें घरोघर पोहोंचे. पाणी निर्जंतुक करण्यासाठीं जी टीसीएल पावडर घालतात, तिचें पोतें कित्येक दिवस उघडें पडून राहिल्यानें ती निःसत्त्व झाली होती. ही कावीळ ज्या विषाणूची, त्याचें नांव हिपॅटायटिस ई. तो पोटांत गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत सामान्यतः पांच-सहा आठवडे जातात. म्हणजे ताईनें तें पाणी आषाढांतच, माहेरीं आल्यावर थोड्याच दिवसांत घेतलें होतें. इतरांना हा रोग बहुधा थोड्या आठवड्यांत सोडून जातो. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर शंभरांतील वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत दगावूं शकतात.

जोड बसवावयाला एक दुपार लागली. मी चराच्या कांठावर उभी राहून तें काम पाहत होतें. दोन गडी, एक लोखंडी पट्टी, थोडें रबर, आणि एक दुपार ! माझ्या अकरा रात्री, ताईच्या वेदना, सिस्टरांची ती दक्षता, आणि पांढऱ्या कापडांतील ती मुलगी, हें सर्व या एका दुपारीं टळलें असतें. मला असा संताप आला कीं, मीं त्याच जागीं निश्चय केला : रोगी झालेल्याच्या उशाशीं बसण्यापेक्षां रोगच होऊं न देणें हें श्रेष्ठ. आपण परिचर्येच्या वाटेला जावयाचें नाहीं. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करावयाचा.

त्या वर्षीं मिळेल तें वाचून काढलें, आणि आमच्या गांवची गोष्ट मुळींच नवी नाहीं असें दिसून आलें. १९५५ सालच्या अखेरीस दिल्लींत हेंच घडलें होतें. यमुनेचा प्रवाह सरकला, नजफगड नाल्याची घाण वझीराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोंचली, आणि पुढील कांहीं आठवड्यांत सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली. तेथेंही सर्वांत अधिक हाल गरोदर स्त्रियांचे झाले. या विषाणूची ओळख त्या काळीं पटलेली नव्हती. ती पुढें कित्येक वर्षांनीं पटली. परंतु गटाराचें पाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळूं नये, हें तर तेव्हांही माहीत होतें. तें वाचून माझा निश्चय अधिकच पक्का झाला.

बारावीची परीक्षा संपल्यावर सुटी मिळाली. ज्या मार्गानें जावयाचें तो एकदां पायांखालीं घालून पाहावा, म्हणून मीं आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांची परवानगी काढली आणि आमच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेवकांबरोबर चार दिवस फिरलें. गृहस्थ कामाला मोठे चोख. सकाळीं पाणी सुटण्याच्या वेळीं ते टाकीपासून अगदीं शेवटच्या नळापर्यंत जात. लहानशा कांचेच्या नळींत पाणी घेत, त्यांत औषधाचे थेंब टाकीत आणि पाणी पिवळसर झालें कीं नोंद करीत. शेवटच्या नळालाही लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलें पाहिजे, हें त्यांच्याकडूनच मला कळलें. पहिल्या दिवशीं मला याचें मोठें कौतुक वाटलें. दुसऱ्या दिवशीं तेच नळ, तेच थेंब, तोच पिवळा रंग. तिसऱ्या दिवशीं एका आजीबाईंनीं पाण्याला वास येतो म्हणून आमच्यादेखत भरलेली घागर ओतून दिली आणि आम्हांला चार शब्द सुनावले. मीं कंटाळून विचारलें, "याचें फळ दिसतें तरी केव्हां ?" ते हंसून म्हणाले, "कांहींच घडलें नाहीं, तें याचें फळ. आमचें काम चांगलें झालें कीं कोणाला कळत नाहीं; बिघडलें कीं गांवाला कळतें." हें वाक्य माझ्या मनांतून अजून गेलेलें नाहीं. जी कावीळ झालीच नाहीं तिच्याबद्दल आभार मानावयाला कोणी रुग्णालयाच्या दारांत उभें राहत नाहीं. असें काम आयुष्यभर करावयाला जें मन लागतें तें मोठें खरें. पण माझ्यापाशीं तेव्हां होता तो नुसता संताप, आणि संतापाच्या बळावर चौथा दिवससुद्धां नीट निघेना.

या फेरींत आम्ही घरोघर "कोणी आजारी आहे काय ?" असेंही विचारीत होतों. एका घरीं दाराआडूनच उत्तर आलें, "कोणी नाहीं." तशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशीं मी त्याच उपकेंद्राच्या आरोग्यसेविकाबाईंबरोबर निघालें. या शिकलेल्या परिचारिका. लसी टोंचणें, गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपणें, हें त्यांचें काम. आम्ही त्याच घरावरून जात होतों, तों आंतून म्हातारी धांवत आली, बाईंचा हात धरून त्यांना थेट माजघरांत घेऊन गेली. तेथें सून अंथरुणावर होती : तीन महिन्यांची गरोदर, आठ दिवस तापानें पडलेली. काल ज्या घरांत "कोणी नाहीं" म्हणून नोंद झाली तें हेंच घर ! बाहेर आल्यावर मीं बाईंना विचारलें, "काल यांनीं आम्हांला कां नाहीं सांगितलें ?" बाई म्हणाल्या, "पहिला नातू माझ्या हातावर झाला ना ! नकाशावर खूण करायची तर आधीं घरांत शिरतां आलें पाहिजे."

काल ज्यांना दार उघडलें नाहीं त्यांचा यांत कांहींच दोष नव्हता. त्यांचें काम खरें, त्यांचे आंकडेही खरे. परंतु त्या आंकड्यांत एक सून कमी होती, आणि ती केवळ आंकडे मोजून सांपडली नसती. माझा प्रश्नच चुकीचा मांडलेला होता, हें मला तेथें प्रथम कळलें. उशाशीं बसणें आणि विहिरीशीं उभें राहणें हीं दोन कामें श्रेष्ठ-कनिष्ठ नव्हत. उशाशीं बसून जो विश्वास मिळतो त्यानेंच विहिरीपर्यंतची वाट मोकळी होते.

पुढें पुन्हां पुस्तकें उघडलीं तेव्हां तींच पानें मला निराळीं दिसूं लागलीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें चित्र आपण सर्वांनीं शालेय पुस्तकांत पाहिलें आहे. हातांत दिवा, आणि दोन्हीं बाजूंस जखमी शिपाई. १८५४ सालीं त्या स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या. परंतु स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं काय केलें, हें त्या चित्रांत नसतें. त्यांनीं मृतांचे आंकडे गोळा करून आकृत्या काढल्या, आणि लढाईंतील जखमांपेक्षां टाळतां येण्यासारख्या रोगांनीं कितीतरी अधिक शिपाई मेले, हें सरकारपुढें मांडलें. १८५८ सालीं लंडनच्या सांख्यिकी संस्थेनें त्यांना सभासद करून घेतलें. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. दोन वर्षांनीं, १८६० सालीं, त्यांच्या प्रयत्नानें सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा निघाली. दिवा आणि आंकडे एकाच हातांत होते.

आपल्याकडचें १८९७ साल घ्या. मुंबईंत आदल्या वर्षीं प्लेग शिरला होता. १० जानेवारी १८९७ रोजीं वाल्डेमार हाफकिन यांनीं आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनीं, १० मार्च रोजीं, सावित्रीबाई फुले पुण्यास प्लेगनें वारल्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्यांनीं आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत पोहोंचविलें होतें, आणि त्यांतच त्यांना रोग जडला. एकीकडे लस तयार होत होती; परंतु तो मुलगा त्याच दिवशीं आजारी होता, आणि त्याला उचलणारें कोणी त्याच दिवशीं हवें होतें. १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेड येथें जें कार्य आरंभिलें, त्यांतही त्यांनीं खेड्यांतील साध्या, पुष्कळदां निरक्षर अशा बायकांनाच आरोग्याचें शिक्षण दिलें. शेजारणीसाठीं जें दार उघडतें तें परक्यासाठीं उघडत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

असो. मनाचा निर्णय झाला तरी घरचा व्हावयाचा होता. वडिलांनीं खर्चाचा आणि नोकरीचा हिशेब विचारला, आणि तो विचारणें रास्तच होतें. मावशीनें मात्र स्पष्टच सांगितलें : "रात्रपाळ्या करायच्या, परक्यांची घाण उपसायची, पुढें स्थळें कशीं येणार?" मी उत्तर जुळवीत होतें, तोंच आई बोलली. या सबंध प्रकरणांत ती एकदांच बोलली. ती म्हणाली, "माझ्या लेकीची घाण अकरा रात्री एका परक्या बाईनेंच उपसली. तिच्या आईनें तिला नको म्हटलें असतें, तर ?" त्यानंतर हा विषय आमच्या घरीं पुन्हां निघाला नाहीं.

व्यवहाराच्या दृष्टीनेंही या क्रमाला अर्थ आहे, म्हणून पालकांसाठीं दोन शब्द लिहितें. बारावीला पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेतलेल्या मुलीला परिचर्येच्या पदवीचा चार वर्षांचा अभ्यासक्रम घेतां येतो. तीन वर्षांचा पदविकेचाही मार्ग आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्या हा त्यांतलाच एक विषय आहे. म्हणजे विहिरीकडची वाट तेथूनच फुटते. पदवीनंतर सार्वजनिक आरोग्याचा दोन वर्षांचा उच्च अभ्यासक्रम करतां येतो. उलट क्रम मात्र सोपा नाहीं : सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेल्या मुलीला पुढें परिचारिका व्हावेंसें वाटलें, तर तिला पहिल्या पायरीपासूनच आरंभ करावा लागतो. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचारिकांचीही नेमणूक होऊं लागली आहे. अर्थात् सर्वांनीं माझेंच अनुकरण करावें असें मी म्हणत नाहीं. जिला आंकड्यांची गोडी आहे, नकाशांत जिचें मन रमतें, किंवा नळ आणि गटारें नीट बांधण्याची विद्या जिला शिकावयाची आहे, तिनें सरळ विहिरीकडे जावें. तेथें माणसें फार थोडीं आहेत, आणि आमच्या गांवाला त्या श्रावणांत त्यांचीच सर्वांत अधिक गरज होती. फक्त संतापाच्या भरांत कोणताच मार्ग धरूं नये. चार दिवस त्या वाटेनें चालून पाहावें, आणि मग बाईंचा तो प्रश्न स्वतःला विचारावा.

सध्यां मी परिचर्येच्या पदवीवर्गांत शिकत आहें. पहिल्या महिन्यांत जखम बांधतांना मला भोंवळ आली; ती आतां येत नाहीं. रोग्याला वार विचारावयाला मी विसरत नाहीं. आपण कायमच्या वॉर्डांत राहूं कीं पुढें गांवोगांव फिरूं, याचें उत्तर आज माझ्यापाशीं नाहीं, आणि तें नाहीं म्हणून झोंपही मोडत नाहीं.

दिवाळीच्या सुटींत घरीं गेलें होतें. ताई आली होती. ती आतां बरी आहे. त्या मुलीबद्दल ती बोलत नाहीं, आणि आम्हीही तो विषय काढीत नाहीं. सकाळीं नळ आला. ताईनें पेला धरला, नाकाशीं नेला. पाण्याला पावडरीचा चांगलाच वास येत होता. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून कुरकुर करीत होत्या. ताई कांहीं बोलली नाहीं. तोंड वांकडें न करतां तिनें तो पेला पिऊन टाकला, विसळला, आणि पुन्हां भरून माझ्या हातांत दिला.

— एक माजी विद्यार्थिनी